गोलमागच्या दोन खुर्च्या

प्रिय खांब्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील तर आधी पाणी पी. घरी सगळं ठीक आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा बाबा जास्त कुरकुरतात, एवढंच. फोन करता आला असता, पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्या पुढे जात नाहीस, आणि जे सांगायचंय ते ‘हं’वर उरकण्यासारखं नाही. शिवाय फोन या वस्तूचा मला अलीकडे वीटच आलाय. का, ते सांगते, पण हसायचं नाही. हसलास तरी मला कळणार नाही म्हणा.

माझी विमा कंपनीतली नोकरी गेली. वर्ष होत आलं. आमचा अख्खा विभाग बंद केला, एक पुष्पगुच्छ दिला आणि दार दाखवलं. बाबांना मी सांगितलं नाही. तुलाही नाही. पोरगी शिकली, कंपनीत हिशेबाच्या टेबलावर बसते, हे बाबा वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवतात, तुला माहीतच आहे. त्यांच्यासमोर उभं राहून ‘मला काढलं’ म्हणायला जीभ रेटली नाही. मग रोज त्याच वेळेला, तीच पर्स आणि तोच डबा घेऊन निघायला लागले. नोकरी शोधता शोधता मिळाली ती कुठे, ओळख. तुझ्या जुन्या फुटबॉल क्लबात! तिकीट विभागात फोनवर बोलायला. तू सोडलास आणि मी धरला. ज्याला बाबा ‘भिकेला लागलेला क्लब’ म्हणतात त्याचाच पगार गेले काही महिने आपल्या घरात येतोय आणि त्याच पैशांची भाजी ते मिटक्या मारत खातात. मला दर घासाला लाज वाटते, पण घास गिळते.

तू होतास तेव्हा मैदान रिकामं असायचं ना, आता त्याहून रिकामं असतं. समोरचा अख्खा स्टँड ताडपत्रीनं झाकलाय आणि त्या ताडपत्रीवर माणसं छापली आहेत. हात वर केलेली, तोंड उघडलेली, अगदी खुशीतली. टीव्हीवर लांबून गर्दी वाटावी म्हणून. वारा सुटला की तो सगळा जनसमुदाय एकदम पोट फुगवतो. आमच्या साहेबांना आम्ही गर्दीसाहेब म्हणतो, कारण गर्दी आणणं हे त्यांचं काम, आणि बिचाऱ्यांना ती लिफ्टमध्येसुद्धा सोसत नाही. एकावर एक फुकट करून झालं, शाळांना फुकट बोलावून झालं, तिकिटाबरोबर केस कापून द्यायची योजनाही झाली. त्या दिवशी न्हाव्यापुढे रांग आणि खेळाडूंपुढे खुर्च्या.

माझं काम सोपं आहे. ज्यांनी मोसमाचं तिकीट घेणं सोडलं त्यांना फोन करायचा. नंबर मशीनच लावतं. समोर ना नाव येतं ना पत्ता, फक्त स्टँड, रांग आणि खुर्ची. आम्हाला एक छापील संभाषण दिलंय, त्यातलं पान सोडून बोलायचं नाही. आवाज गोड आणि थोडा नाकातून. फोनवरचं एक वेगळं नावही दिलंय, ते मात्र मी तुला सांगणार नाही. लोक काय काय कारणं देतात! कुणाची पाठ, कुणाचे जावई, कुणाला घरबसल्या बड्या क्लबांचे सामने दिसतात. एक बाई म्हणाल्या, आमचे हे गेले, पण त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला विकू नका हं. मी म्हटलं, नाही विकणार. आमच्या क्लबात हे वचन पाळायला फारसे कष्ट पडत नाहीत.

तुला तो सामना आठवतो का, असं विचारणं म्हणजे मीठ चोळणं आहे. तरी विचारावं लागतंय. तू गोलच्या दोन खांबांमध्ये, चेंडू साधा होता, म्हाताऱ्यानंही अडवला असता, आणि तो तुझ्या दोन पायांमधून गेला. गोलमागच्या स्टँडातून शिव्या आल्या. त्याची तुला सवय होती. पण त्यातला एक आवाज सगळ्यांच्या वर चढला: “बापाला काय तोंड दाखवणार रे!” तू मागे वळून पाहिलंस. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तू मला म्हणालास, ताई, तो बाबांचा आवाज होता. मी म्हटलं, वेडा आहेस का? बाबा तुझ्या खेळाचं नावही घेत नाहीत, ते कशाला तिकीट काढून जातील? तुझ्यासमोरच मी बाबांना विचारलं, दुपारी कुठे होतात. ते म्हणाले, वाचनालयात. तू पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गावाचा क्लब पकडलास आणि तेव्हापासून घरी तोंड दाखवलं नाहीस. हा तिसरा मोसम. दर सणाला, दर वाढदिवसाला तुझं ताट मी मनातल्या मनात मांडते आणि मनातल्या मनात उचलते.

मागच्या आठवड्यात दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मशीननं एक नंबर लावला. गोलमागचा स्टँड, शेवटून दुसरी रांग, कोपऱ्यातली खुर्ची. मी गोड आवाजात सुरुवात केली आणि पलीकडून उत्तर आलं, “बोला बाई.” खांब्या, मी आयुष्यभर ज्या आवाजाला ओ देत आले तो आवाज मला ‘बाई’ म्हणत होता. फोन ठेवायला हवा होता. निदान ‘अहो बाबा, मी’ म्हणायला हवं होतं. पण ‘मी’ म्हटलं की सगळंच बाहेर येणार, विमा कंपनी, पर्स, डबा. मी छापील पानाला घट्ट धरलं आणि पुढचं वाक्य वाचलं: आपण आपलं तिकीट चालू का ठेवलं नाहीत, हे कळू शकेल का?

बाबा म्हणाले, तुमच्या गोलकीपरचा मी बाप. जुन्या गोलकीपरचा. हे वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तो इथे खेळायला लागल्यापासून मी येत होतो, म्हणाले. घरात सांगायचो वाचनालयात जातो. पोराला आधी इतकं बोललो होतो, की चेंडूमागे पळून कुणाचं पोट भरत नाही, की मग बघायला जातो म्हणून सांगायचं कसं? टोपी डोळ्यांवर ओढून बसायचो. त्याची पाठ दिसायची. आजूबाजूला नेहमीची चार टाळकी. ती त्याला शिव्या घालायची आणि मी गप्प. त्या दिवशी तो चेंडू सुटला आणि शेजारचा माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही काय मिठाची गुळणी धरून बसलात, तुमचा कोण लागतो का तो? आणि बाई, मला लाज वाटली. माझा लागतो म्हणायची लाज वाटली. मग मी सगळ्यांच्या वर ओरडलो.

मी छापील पान उलटसुलट करून पाहिलं. बोलायला काही छापलेलंच नव्हतं. तेच पुढे म्हणाले, भरलेलं मैदान असतं तर माझं ओरडणं गर्दीत गेलं असतं. पण तुमच्याकडे गर्दी कुठली, सरळ जाऊन त्याच्या पाठीत बसलं. तो वळला. मी खाली वाकलो, चपलेचा पट्टा लावतोय असं दाखवायला. चपलेला पट्टा नव्हताच. तो पुढे बघायला लागेपर्यंत मी तसाच वाकून राहिलो. नंतर घरी पोरीनं विचारलं तेव्हाही वाकलेलाच होतो म्हणा. आता त्या खुर्चीवर कुठल्या तोंडानं येऊन बसू?

आमच्या पडद्यावर कारण निवडायला चौकोन असतात. तिकीट महाग, अंतर लांब, संघाचा खेळ वाईट. लाजेचा चौकोन नाही. मी ‘इतर’वर बोट ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग आला. तुझे तीन मोसम, माझी तीन वर्षांची ताटं, आणि याचं मूळ कोपऱ्यातल्या एका टोपीखाली! पण राग धरायला मी तरी कुठल्या तोंडानं बसले होते? खोटं नाव, नाकातला आवाज, आणि पायाशी त्यांनीच सकाळी झाकण घट्ट लावून दिलेला डबा. लाजेपायी माणूस काय काय करतो ते मी वर्षभर रोज सकाळी दहाला करतच होते. बापाची लेक शोभले.

छापील संभाषणात शेवटी येणाऱ्या सामन्याचं विचारायचं असतं. मी यंत्रासारखं वाचलं: येत्या रविवारी अमुक क्लबाविरुद्ध. तुझाच क्लब, दुसरा कुठला? बाबांनी विचारलं, तो गोलकीपर खेळणार आहे का? मी म्हटलं, हो. उत्तरार्धात कुठल्या बाजूला असेल? मी म्हटलं, ते नाणेफेकीवर असतं. मग म्हणाले, तीच खुर्ची द्या. नाही, दोन द्या. शेजारची रिकामी आहे का? मला त्याही स्थितीत हसू फुटत होतं, अहो बाबा, अख्खी रांग रिकामी आहे! माझ्या मुलीला आणतो, म्हणाले. मोठ्या कंपनीत आहे, सवड नसते तिला, पण मी म्हटलं तर येईल. ती शेजारी असली की मी वाकणार नाही.

दोन्ही तिकिटं मी नोंदवली. माझं तिकीट मीच मला विकलं, असं गिऱ्हाईक गर्दीसाहेबांनाही कधी सापडलं नसेल. आभाराचं वाक्य वाचलं आणि त्यानंतर, कागदावर नसलेलं, तोंडातून निघून गेलं, की कठड्याला धरून चढा, पायऱ्या उंच आहेत. ते म्हणाले, बरं बाई, आणि फोन ठेवला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

त्या संध्याकाळी घरी पोचले तर टेबलावर कोमट पाण्याचा पेला झाकून ठेवलेला, त्यात मीठ. बाबा पेपरात डोकं घालून म्हणाले, गुळण्या कर, दिवसभर फोनवर बोलून घसा बसतो. मी पेला उचलला आणि तशीच उभी राहिले. विमा कंपनीत मी हिशेब बघते, खांब्या. त्यांच्या लेखी मी दिवसभर तोंडसुद्धा उघडत नाही. पेपर काही खाली आला नाही. थोड्या वेळानं त्याच्याआडून म्हणाले, रविवारी मोकळी राहा, तुमच्या ऑफिसात काही फार गर्दी नसते. मी गुळण्या केल्या. आम्ही जेवलो. पुढे ना त्यांनी विषय काढला, ना मी.

तेव्हापासून एकच विचार करतेय. त्यांनी मला पहिल्याच वाक्याला ओळखलं असणार. नाकातून बोललं म्हणून बाप फसतो होय? ओळखूनच ते सगळं बोलले. समोरासमोर मला सांगता येईना आणि तुला तर नाहीच नाही, म्हणून फोनवरच्या बाईला सांगितलं. म्हणजे हा निरोप माझ्यापाशी ठेवायचा नव्हता, तुझ्यापर्यंत पोचवायचा होता. म्हणून हे पत्र. त्या दिवशी ओट्याला टेकून तू म्हणालास ते खरं होतं आणि मी तुला वेड्यात काढलं. तो आवाज बाबांचाच होता. रविवारी तो पुन्हा तुझ्या पाठीमागे असेल, शेवटून दुसऱ्या रांगेत, आणि शेजारी मी. त्या स्टँडची बाकीची तिकिटं विकणं मी थांबवलंय. गर्दीसाहेबांच्या लक्षातही आलेलं नाही. गर्दी होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली तिकीटवाली या क्लबानं पहिल्यांदाच पाहिली असेल. बाबा काय बोलतील मला ठाऊक नाही. कदाचित काहीच बोलणार नाहीत. पण बोललेच तर तुला ऐकू येईल एवढी जागा मी रिकामी ठेवली आहे. तू फक्त एकदा वळून बघ. ते वाकायला लागले तर मी त्यांचा दंड धरून ठेवीन.

तुझीच,
फोनवरची बाई, म्हणजे ताई