उलटं रंगवलेलं चक्र

शुभ्रा,

तू पोचशील तेव्हा आम्ही घरी नसू. बाबांना पुण्याला विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेतेय, भोरची एसटी मिळेल तसं परत येऊ. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी फडक्यात आहेत.

टेबलावरच्या नॅट लढाऊ विमानाच्या छोट्या मॉडेलला हात लावू नकोस. पंखावरचं वायुदलाचं चक्र त्यांनी उलटं रंगवलंय, केशरी आत आणि हिरवं बाहेर. नोकरीभर खऱ्या विमानांवर हीच चक्रं रंगवलेला माणूस. मला राहवेना, काल दुपारी ते झोपल्यावर मीच नीट केलं. उठून बघितलं नि म्हणाले, "हे कोणी बिघडवलं?" पुन्हा उलटं रंगवत बसले.

बिघडवणारी म्हणून मी तुझं नाव सांगितलंय. रागावले तर ऐकून घे. तुला ओळखलं, एवढं तरी कळेल.

आई