अमावास्येच्या सहलीची तयारी

रविवार, ९ जानेवारी १९५५. कुंभकोणम्.

पोचलो बुवा एकदाचा. आगगाडीने हाडं खिळखिळी केली होती, पण स्टेशनाबाहेर पितळी भांड्यातली कॉफी घशाखाली गेली आणि सदानंद खवणेकर पुन्हा माणसात आला. अशी कॉफी मुंबईत मिळाली असती तर सहलींचा धंदा सोडून मी तिचंच दुकान टाकलं असतं.

उतरलोय गावाच्या मेलकावेरी भागात, व्यंकोबांकडे. घराणं तंजावर दरबारातलं. आता पितळेची भांडी विकतात. उंबरठ्याबाहेर तमिळ, आत मराठी. आणि ती मराठी अशी, की जणू बखरीतला कारकून उठून आला आणि "बैसावें, प्रवास सुखाचा जाहला की?" म्हणून विचारू लागला. मी हसू दाबून बसलो.

काम मोठं आहे. मुंबईच्या एका गिरणीवाल्या शेठजींचे चिरंजीव नवी नवरी घेऊन यायचेत. त्यांना समुद्र दाखवायचा, पण माझ्या पद्धतीने. दिवसा डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात रबरी नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत मासे बघायचे. रात्री पेटलेलं पाणी. आम्ही मालवणकडचे, काळोखात वल्हं मारलं की निळा जाळ उठतो हे लहानपणापासून पाहिलेलं. त्याला चंद्र चालत नाही, म्हणून तेवीस तारखेची अमावास्या धरली. जागा तरंगमबाडी, इथून पूर्वेला समुद्रकाठी. तिथे जुन्या कोटाची भिंत समुद्राने गिळलीय आणि तिच्यात मासे नांदतात. ही सहल रंगली की बाकीचे शेठ माझ्याच दारात उभे राहतील.

अडचण एकच. या अमावास्येला तिथले कोळी होडी काढत नाहीत. तो दिवस मेलेल्या बापजाद्यांचा. होडी देतील तर व्यंकोबाच, कारण त्यांची तिथे पडून आहे. त्यांनी आज माझं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, मग गोत्र, मग जन्मनक्षत्र. काश्यप आणि मूळ, मी सांगून टाकलं. वर म्हटलं, मुलगी बघून ठेवलीय की काय? ते हसले नाहीत. माझं नाव, गोत्र ओठांतल्या ओठांत पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

मंगळवार, ११ जानेवारी.

होडीची कथा कळली. ती व्यंकोबांच्या धाकट्या भावाची, रंगाची. लढाईच्या दिवसांत अशाच पौषातल्या अमावास्येला तो होडी घेऊन गेला. होडी परत आली, रंगा नाही. प्रेत मिळालं नाही. त्याची बायको भागीरथीबाई अजून कुंकू लावते, केसांत फुलं माळते. पण या अमावास्येला बारा वर्षं भरतात. मग शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून रंगाच्या नावाने जाळायचा, दहा दिवस पिंड द्यायचे आणि बाईने कुंकू पुसायचं. व्यंकोबा हे कुजबुजत सांगत होते, तरी आतून आवाज आला, "माझें कुंकू पुसणारा हात आधीं मोडेल, भावोजी." धार होती त्या आवाजाला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी ट्रंकेतून मुखवटा आणि नळी काढून दाखवली. एरवी पुढे न येणारी बाई दारात आली. तिने नळी हातात घेतली आणि कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिली. हिच्यातून पाण्यातल्या माणसाला श्वास घेता येतो का, म्हणून विचारलं. येतो, मी म्हटलं. किती वेळ? हवा तेवढा वेळ, मी म्हटलं. विकणाऱ्याची जीभ, दुसरं काय.

जेवणानंतर व्यंकोबा म्हणाले, होडी तुमची. भाड्याचा शब्दही काढू देईनात. फुकटचा माल आधी उलटा करून बघावा हे मला कोणी शिकवायला नको, पण मी आनंदात होतो.

शुक्रवार, १४ जानेवारी. पोंगल.

दारोदार ऊस आणि उतू जाणारी मडकी. मला नवं धोतर दिलं. मग एकट्यालाच पान वाढलं, तोंड दक्षिणेला. जिवंत माणूस दक्षिणेकडे तोंड करून जेवत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याच्या घरी जेवायचं त्याची रीत पाळायची, या गुणावरच मी लाँचवरच्या झाडूपासून इथवर आलो. सगळे उभे राहून बघत होते. आणखी वाढू का, असं कोणी विचारलं नाही.

नंतर घरातली माणसं नदीकडे गेली. मीही शतपावली करत मागोमाग गेलो. सणाच्या दिवशी घाट मोकळा. दगडी मंडपामागून त्यांच्या पुरोहिताचा, गुरुमूर्तीचा आवाज येत होता. इंजिनाच्या आवाजावरून कुठला खिळा सैल आहे ते सांगणारे हे कान. संस्कृत कळत नाही, पण स्वतःचं नाव कळतं. काश्यप. सदानंद. मग "प्रेत".

वाकून बघितलं. पानांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ. अंगात माझा पांढरा बुशशर्ट, जो धुवायला टाकल्यापासून सापडत नव्हता. व्यंकोबांनी अग्नी दिला. भागीरथीबाई शेजारी उभी होती, कपाळावर ताजं कुंकू.

मी ओरडलो. कोणी वळलं नाही. डोकं असं ठणकतंय की जणू घण बसतोय.

शनिवार, १५ जानेवारी.

गुरुमूर्तीला घाटावर गाठलं. तो हात धूत होता. मान वर न करता, पाण्याशी बोलावं तसा बोलला. समुद्राला एक माणूस लागतो, म्हणाला, नाव कुठलंही चालतं. आता रोज एक पिंड. पहिल्याने डोकं, मग मान, मग छाती, असं करत पाय, आणि शेवटी भूक-तहान. तिकडे रंगाचं एकेक अंग घडत जातं, इकडे याचं सुटत जातं. मी म्हटलं, भटजी, मी जिवंत उभा आहे तुमच्यासमोर! तो घागर भरून निघून गेला.

कॉफीवाल्याने शेजारच्यांना दिली, मला नाही. मी फळीवर हात आपटला तर त्याने तिथे ओलं फडकं फिरवलं. न्हाव्याने रिकाम्या खुर्चीवर पाणी शिंपडलं — मी बसलो होतो तिच्यावर. अख्खं गाव कटात आहे, की —

मान वळत नाही.

रविवार, १६ जानेवारी.

पळालो. मायावरमच्या गाडीत घुसलो. तिकीट कोणी विचारलं नाही. आडुतुरै स्टेशनाच्या पुढे श्वास बंद. छातीत कोणी मूठ आवळावी तसा. उतरलो, रुळांच्या कडेने कुंभकोणमकडे परत चालत आलो. जसजसं गाव जवळ आलं तसतसा श्वास मोकळा होत गेला. दावणीचं जनावर झालोय.

घरात मधल्या खोलीला आता कुलूप. ट्रंकेतला मुखवटा आणि नळी गेली आहे. दारापलीकडून आवाज येतो. ओळखीचा आहे. रबरी नळीतून कोणीतरी श्वास घेतंय. आत पाणी असल्यासारखा, घरघरणारा.

मंगळवार, १८ जानेवारी.

शेठजींना तार करायला गेलो, येऊ नका म्हणून. खिडकीतला माणूस माझ्या आरपार घड्याळ बघत होता.

दुपारी खोलीतला श्वास कोरडा झाला. घरघर नाही. मग खोकला. मग भागीरथीबाईच्या बांगड्या, आणि तिचं हसणं — ती म्हणत होती, "इतका वेळ लागला होय? मी काय म्हातारी होऊन बैसूं?"

व्यंकोबांसमोर उभा राहिलो. शिव्या घातल्या, मालवणी, आईबापासकट. ते भागीरथीबाईला म्हणाले, दक्षिणेचं दार लावून घे, वारा फार येतो.

गुरुवार, २० जानेवारी.

खोलीतला तो बोलायला शिकतोय. माझं बोलणं. "पोचलो बुवा एकदाचा" — पुन्हा पुन्हा, चुकत, मग न चुकता. बाई शिकवते. आडनाव म्हणून घेते. ख-व-णे-कर.

माझा घसा हलतो, आवाज त्याच्याकडून येतो.

शनिवार, २२ जानेवारी.

पाय आहेत, जमीन लागत नाही. धुळीत ठसा नाही.

तो बाहेर आला. कातडी पाण्यात फार दिवस भिजल्यासारखी, पांढरी. माझा कोट चढवला. आरशासमोर केस विंचरले, माझ्यासारखे, डावीकडून. व्यंकोबांनी त्याला "सदानंदराव" म्हटलं आणि दोघं खदखदून हसले.

उद्या दहावा पिंड. फक्त भूक-तहान उरलीय. भूक लागलीय. लागू दे — ती माझी आहे —

रविवार, २३ जानेवारी.

घाट. चालत आलो नाही. पिंड जिथे, तिथे मी.

उजाडलंय. दर्भावर भाताचा गोळा. पिंपळावर कावळेच कावळे. एकही उतरत नाही.

कळलं. मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही. म्हणजे मला काही हवं आहे तोवर — देवा, हवं राहू दे —

व्यंकोबा हात जोडून गोळ्याशी बोलतात. आज होडी निघेल, पाहुण्यांना पेटलेलं पाणी दाखवूं. कावळा नाही. मालवणास तुमच्या आईला अंतर देणार नाही. कावळा नाही. गुरुमूर्ती घामाघूम. सूर्य माथ्यावर आला तर सगळं वाया, म्हणतो.

चढ रे सूर्या. चढ —

वर टांगा थांबला. चिरंजीव, नवरी. त्यांना हात देऊन उतरवणारा तो. "या, या, मीच खवणेकर." माझ्या गळ्याने. नवरी हसली त्याला.

ऊन डोक्यावर येतंय. थोडंच —

भागीरथीबाई पुढे आली. गोळ्याकडे बघत नाही. माझ्याकडे. हिला दिसतोय मी. पहिल्यापासून दिसत होतो. हळूच म्हणाली, "राव, होडीवर तुमचें नाव कोरूं. दोहों अंगांस. तांबड्या रंगात."

जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या. दुसऱ्यांची नावं. कधीच कुठे —

नको. बरं वाटू नये मला. दुसरं आठव. आई. आईचा चेहरा —

सदानंद. मोठ्या अक्षरांत. निळ्या पाण्यावर किती छान दि—

पंखांचा आव—