माझा आवाज जातो, त्यांचा येत नाही

२ जुलै, बुध. देगलूर
आजही तेच. माझा आवाज पलीकडं जातो, पलीकडचा येत नाही. लातूरच्या दवाखान्यानं घरबसल्या दुभाषीचं काम दिलं ते मला तेलुगू-कन्नड येतं म्हणून. डॉक्टर मराठीत, पेशंट त्याच्या बोलीत, मधी मी, कॉम्प्युटरवरच्या फोनवर. दुभाषीलाच ऐकू येईना तर? तिथल्या सुपरवायझर मॅडम मंगळवारपर्यंत बघणार, मग ठेवणार नाहीतर काढणार.
अप्पांना बोलले न्हाई. सासर सोडून आल्यावर पहिल्यांदाच ते गल्लीत सांगून राहिलेत, पोरगी नोकरीला हाय म्हणून.

३ जुलै, गुरु.
दवाखान्याच्या कॉम्प्युटरवाल्या जाधव सरांना फोन. "राउटर बाहेरचं आत येऊ देत न्हाई मॅडम. पोर्ट ट्रिगरिंग लावा." म्हंजे, आपल्या कॉम्प्युटरनं बाहेर हाक मारली की राउटरनं उत्तरासाठी ठरलेली दारं तेवढ्यापुरती उघडायची. आकडे लिहून घेतले. पण राउटरचा पासवर्ड नेटवाल्या रहीमभाईकडं, अन् ते लग्नाला निजामाबादला. फोन बंद.

४ जुलै, शुक्र.
अकराचा कॉल. स्क्रीनवर: तेलुगू, आई, बाळ ११ महिने. "चेप्पम्मा, एमैंदि?" सांग बाई, काय झालं. तीनदा विचारलं. काहीच न्हाई. ती बोलतच असणार. रडत असेल. मी नुसती "विनपडतलेदु अम्मा", ऐकू येत न्हाई गं... चार मिनिटं. मग तुटला.
सुपरवायझर मॅडमचा मेसेज : खुणांवर भागवलं. पुन्हा चालणार नाही.
बाळाचं काय, विचारलं. मेसेज वाचलाय, एवढंच दिसतं. 

५ जुलै, शनि.
रहीमभाई आले. "ताई, सेटिंगला हात लावू नका, कनेक्शन बिघडलं की मलाच बोलणार." मी भांडले. आवाज ऐकून अप्पा बाहेर आले, सगळं कळलं त्यांना. रहीमभाईपुढं हात जोडले. "द्या ना भाई. पोरीच्या पोटाचा सवाल हाय." अप्पांनी आजवर कुणापुढं...
पासवर्ड मिळाला.

६ जुलै, रवि.
आकडे भरले. राउटर बंद-चालू. कॉम्प्युटरवरून जाधव सरांना कॉल. शांत. जोडणीचा प्रकार टीसीपी होता, यूडीपी केला. शांत. सहा वेळा. सरांनी मोबाईलवर राउटरचा बाहेरचा आकडी पत्ता वाचायला लावला. "अवघड हाय. पुढं नेट कंपनीचं अजून एक दार हाय. तुमचं उघडलं, त्यांचं बंद."
मोरीत जाऊन रडले. अप्पांनी बाहेरचा नळ सोडून ठेवला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

७ जुलै, सोम.
सकाळपासून रहीमभाईच्या दुकानात बसून. पब्लिक पत्ता, म्हंजे कंपनीचं दार मधी न येणारा, नांदेडच्या ऑफिसातून मिळतो. त्यांनी फोन केले. "बघतो म्हणले." मी उठलेच न्हाई. चारला म्हणाले, जा, राउटर चालू करा. पत्ता बदलला होता! जाधव सरांना लावला. खरखर, मग "हॅलो?" मी अप्पांना हाक मारली.
पुढच्या दोन कॉलला पुन्हा काही न्हाई. तिसऱ्याला आवाज आला. का, ते जाधव सरांनाही सांगता येईना.

८ जुलै, मंगळ.
शेवटचा दिवस. दुपारपर्यंत एकही कॉल न्हाई. मग एक : कन्नड, पुरुष, पायाची जखम. आला आवाज! डॉक्टरांचा स्वच्छ, त्याचा जरा घोगरा. डॉक्टर म्हणाले, सांगा, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आजच.
मी सांगितलं. 
त्यानं डॉक्टरला काही विचारलं न्हाई. मलाच म्हणाला, "नीने हेळु तंगी, एन माडलि?" तूच सांग बहिणी, काय करू.
डॉक्टर म्हणाले, "काय म्हणतात ते?"
मॅडम ठेवणार का काढणार, ते उद्या कळवणार. त्या न्हाई म्हणाल्या तरी आज ऐकू आलं ते आलंच. डॉक्टरांना मी "विचार करतात" एवढंच सांगितलं, त्यानं मलाच विचारलं ते गाळलं. बरोबर केलं का, कळेना.