मशीन शाबूत आहे

९ जानेवारी
घर जळलं. मी आणि धाकटी बहीण, घरातल्या दोघीही वाचलो. ही वही आणि पेन आज विकत आणलं.
वायरमनने जळका बोर्ड दाखवला. फ्रिज, हीटर, धाकटीची इस्त्री, सगळं एकाच एक्स्टेंशनवर. प्लग सैल म्हणून काडी खोचलेली. "ताई, वायर तरी किती सोसेल?" मी मान हलवली. दुसऱ्या कुणाचं घर बघावं तशी बघत होते.

११ जानेवारी
मावशीने मागची खोली दिली आहे. सगळे विचारतात, कशी सुटलीस? धूर आठवतो, मग एकदम शेजारच्या ड्रायव्हरकाकांचं अंगण. कुणीतरी तोंडावर पाणी मारत होतं. समोर धाकटीचं शिलाई मशीन, शाबूत. आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला.
म्हणजे ती मशीन काढायला गेली. मी आत असताना. मला काकांनीच काढलं असणार.
विचारलं नाही. काय विचारायचं?

१२ जानेवारी
रडू येत नाही. भूक लागते, जेवते.

१७ जानेवारी
औषधाच्या दुकानात कामावर गेले. मालक म्हणाले, "रजा घ्या हवी तर." नको म्हटलं. बसून भिंती किती बघायच्या?
घरी आल्यावर मावशीचे सगळे प्लग काढते. बोर्डाला तळहात लावते, कोमट लागतो का बघते. मावशी वैतागली — "अगं बाई, फ्रिज तरी चालू ठेव, दूध नासलं."

२५ जानेवारी
धाकटीची पट्टी सुटली. बोटं नीट वळत नाहीत, कात्री धरता येत नाही. तरी म्हणते, "आता मी डावखुरी शिंपीण." मावशी हसली. मी नाही. मनात आलं — मशीन हवं होतं ना, घे मग.
लिहिलं हे. खोडत नाही.

३ फेब्रुवारी
आमच्या घरात नवी वायर ओढून झाली, परत राहायला आलो. इस्त्रीला वेगळा पॉइंट, अर्थिंग, काही बिघडलं की आपोआप पडणारा स्विच. एक्स्टेंशन मी उंबरठ्याच्या आत येऊ देणार नाही.
धाकटीने एकेक बटण दाबून बघितलं. मग म्हणाली, "ताई, तू माझ्याशी बोलत का नाहीस?"
"बोलते की."
"कामापुरतं."

६ फेब्रुवारी
ड्रायव्हरकाका लांबच्या फेरीवरून आले, आगीनंतर आजच भेटले. मी आभार मानले, म्हटलं, तुम्ही मला बाहेर काढलंत.
ते गोंधळले. "मी? मी मशीन काढलं, दाराशीच होतं ते. तुम्हाला तिने ओढत आणलं. मी धरून ठेवत होतो, हिसडा मारून आत गेली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."
धाकटी ओट्याशी डाव्या हाताने कांदा चिरत होती. मी सुरी काढून घेतली.
"काय गं?"
तिचा भाजका हात धरून तशीच उभी राहिले.