माझ्या उतारावरचा खळगा

४ मार्च १७३८

पुन्हा खचलाय! काल दोन टोपल्या राख ठोकून बसवली होती रुळाखाली. सकाळी बघते तर पुन्हा दोन बोटं खाली. आणि तेवढ्याच जागी – ओढ्याच्या अलीकडे, जमीनमालकीण बाईसाहेबांच्या कुरणातून वाट जाते तिथे. वरचं ठीक, खालचं ठीक, मधेच पोट आत ओढल्यासारखं.

अठरा वर्षं मी इथे राख टाकतेय. कोळशाच्या खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत साडेतीन मैल गाडवाट, त्यातला हा अर्ध्या मैलाचा उतार माझा. लाकडी रूळ भिजले की भरलेला गाडा कुणाला जुमानत नाही, म्हणून राख. माझ्या उतारावर आजवर एक गाडा सुटलेला नाही. बाकीच्यांनी आपापलं सांगावं.

रूळ कुजला असेल म्हणून उपटून पाहिला. गेल्या वर्षीचा, बीचच्या लाकडाचा रूळ, खणखणीत! मग खचतंय काय?

७ मार्च

पाऊस. राख. पाठ.

९ मार्च

गॉवेनचा घोडा अडला. गॉवेन म्हणजे माझा धाकटा भाऊ, गाडा हाकतो. उताराला घोडा सोडून गाड्यामागे बांधायचा, आणि आपण ब्रेकच्या दांड्यावर बूड टेकून गाडा नदीकडे सोडायचा – हे त्याचं काम. खाली जाताना काही नाही झालं. रिकामा गाडा वर आणताना मात्र घोडा कुरणात उभाच राहिला. चारी पाय रोवून. मागे चार गाडे खोळंबले, त्यांच्या शिव्या चालू.

"ताई, तू काय पुरलंयस इथे?"

"तुझी अक्कल. आठ वर्षांचा होतास तेव्हाच."

हसले सगळे. घोडा नाही हलला. शेवटी डोळ्यांवर कोट टाकून नेला.

१२ मार्च

कडक दंव. कुरण पांढरंफेक. माझ्या खळग्याभोवती चार पावलं जमीन काळी, ओली. दंव धरतच नाही तिथे. हात लावून पाहिला – कोमट!

घाणेरडा वासही आला. की मला वाटलं. माहीत नाही.

१३ मार्च

वास आहे.

१६ मार्च

रविवार. रॅल्फ घरी. ओटच्या पेजेवर चरबी घालून दिली, दोन वाडगे हाणले, मग विचारलं. नवऱ्याला काही विचारायचं तर पोट भरल्यावर. आधी विचारलं तर नुसता हुंकार.

म्हटलं, तुम्ही खाली कुठे तोडताय सध्या?

"खाणीत."

"खाणीत कुठे?"

"काळोख असतो गं तिथे. दिसत नाही."

वाडगा काढून घेतला हातातून. तेव्हा म्हणाला, "तुझ्या भावाला सांग जरा कमी जेव. त्याचा गाडा वरून गेला की माझ्या टोपीत खडे पडतात."

हसला. मी नाही हसले. मी काय खुळी आहे? बाप माझा खाणीत मेला, आजा खाणीत मेला. कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच खांब सोडतात, त्यावर वरची जमीन उभी. आणि बाईसाहेबांशी करारच आहे – त्यांच्या कुरणाखाली, गाडवाटेखाली खांबाला हात लावायचा नाही. मग गॉवेनचा गाडा रॅल्फच्या टोपीवरून जातोच कसा!

"खांब तोडताय तुम्ही."

"मी काही बोललो नाही."

"रॅल्फ!"

"मी काही बोललो नाही, थॉमा." आणि चिलीम शोधायला लागला. चिलीम तोंडातच होती.

१७ मार्च

झोप नाही. खांब तोडायला सोपा. आयता उभा, तिन्ही-चारी बाजूंनी मोकळा. नदीत कोळशासाठी जहाजं थांबलीत, लंडन थंडीने कुडकुडतंय, म्हणून हे.

म्हटलं, नाही म्हण मुकादमाला. म्हणाला, ऑक्टोबरपर्यंत बांधलेला आहे, कागदावर अंगठा आहे, पळालो तर तुरुंग. खरं आहे. पण तुरुंगाला छप्पर असतं.

२१ मार्च

मुकादम फेनविक स्वतः आला उतारावर. खळगा पाहिला. पाहिला म्हणजे – त्याला आधीच माहीत होता, नुसती मान हलवली.

"थॉमसिनबाई, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा. भरत राहा. राख हवी तेवढी पाठवतो."

"भरून काय होणार? खालून जातंय."

"ओढा जवळ आहे. ओलावा."

"ओलावा कोमट असतो होय?"

त्यावर टोपी नीट केली आणि गेला. संध्याकाळच्या आत तीन गाड्या राख आली. एरवी एक टोपली मागितली तर आठवडा जातो!

२२ मार्च

तीन बोटं.

२४ मार्च

तीन. भरलं.

२९ मार्च

चार बोटं. आता नुसती राख पुरत नाही, खालून दगड घालते. आडवी लाकडं उचलायची, दगड, वर राख, मोगरीने ठोकायची, पुन्हा लाकूड. दुपारपर्यंत वाट सरळ सुतात. गॉवेन म्हणाला, "डोळे मिटून गाडा सोडावा असा उतार आहे तुझा, ताई."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल

आज गॉवेनशी भांडण. त्याला सगळं सांगितलं – खांबांचं. वाटलं, घाबरेल. तो माझ्यावरच उखडला!

"मग तू भरतेस कशाला?"

"म्हणजे? तुझा गाडा उलटू दे?"

"उलटला तर दिसेल तरी! तू रोज सकाळी झाकून ठेवतेस. फेनविकला याहून काय हवं? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यावरचं भोक तू राखेने बुजवतेयस, ताई."

मोगरी फेकून मारणार होते. मारली नाही. घोड्याला लागली असती.

३ एप्रिल

खरं बोलला तो. रात्रभर तेच. माझा उतार, माझा उतार करत बसले. अठरा वर्षांचा तोरा! आणि खाली रॅल्फ.

आज भरलं नाही. मग नऊच्या सुमाराला पहिला गाडा येताना दिसला आणि धावत जाऊन भरलं. हातच थांबत नाहीत.

६ एप्रिल

बाईसाहेबांचा कारभारी, मिस्टर हॅडविन, येत्या गुरुवारी वाट चालून बघणार. दर वसंतात येतो. करारातच आहे. दरसाल माझ्या तुकड्यावर थांबून म्हणतो, "हा बघा, असा असावा!" बाकीच्या राखवाल्या बायका चार दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

गुरुवारी भरायचं नाही. फक्त भरायचं नाही असं नव्हे – घातलेलं सगळं उपसायचं.

रॅल्फला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अडवलं असतं. किंवा नसतं, आणि ते जास्त वाईट.

१० एप्रिल

झालं!!

पहाटे उपसायला घेतलं. महिन्याभराची राख, दगड, सगळं. खाली माती होती ती हाताने दाबली तर मनगट आत गेलं आणि खालून उष्ण हवा आली तोंडावर, तोच वास. मागे सरले. 

गॉवेनला वरच थांबवलं होतं. त्याने सगळे गाडे अडवून धरले, घोड्याला पोटशूळ आहे म्हणाला. घोडा गवत खात उभा! कुणी विचारलं नाही.

हॅडविन आला दहाला, फेनविक बरोबर. दोन्ही रूळ झोपाळ्याच्या दोरीसारखे लोंबत होते. हॅडविनने पाहिलं. काठी घेतली, मातीत रोवली. काठी मुठीपर्यंत गेली.

मग जो ओरडला! बाईसाहेबांचं कुरण, बाईसाहेबांचा करार, वाट बंद करतो, न्यूकॅसलला कोर्टात खेचतो. फेनविक लाल, मग पांढरा. माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "ओलावा आहे, साहेब." राहवलं नाही.

लाज वाटली मात्र. माझा उतार, आणि असा.

१३ एप्रिल

कुरणाखालचं काम बंद! हॅडविनचा माणूस स्वतः खाली उतरून बघून आला. जिथले खांब गेलेत तिथे ओंडके लावणार, दगड रचणार. वाट चार दिवस बंद, मग सुरू.

रॅल्फ दोन दिवस बोलला नाही. आज उकडलेल्या वाटाण्याचा गोळा पानात वाढला तर हळूच म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं गं?" रागाने नाही. मग माझा हात धरला. त्याचे हात कायम काळे, माझे कायम राखाडी. असे बसलो थोडा वेळ. पेज ओतू गेली.

१४ एप्रिल

राखवाल्या बायका बोलायला लागल्या माझ्याशी! यंदा कौतुक झालं नाही ना.

१९ एप्रिल

वाट सुरू. फेनविक आला. वाटलं, आता कामावरून काढतो. तसं काही नाही. गोड बोलला.

"थॉमसिनबाई, आता तुमचा रूळ हलायचा नाही. शब्द देतो."

"आणि माणसं?"

"माणसं दुसरीकडे लावली. सुरक्षित जागी. तिथे ना बाईसाहेब, ना करार, ना कारभारी. आपलीच जमीन."

गेला एकदाचा.

२३ एप्रिल

रूळ जिथल्या तिथे. चार दिवसांत एक बोटसुद्धा नाही! घोडाही कोट न टाकता गेला. गॉवेन टोपी काढून वाकला मला, मोठा आला नाटकी.

२७ एप्रिल

रॅल्फ बरा नाही. म्हणजे ताप वगैरे नाही. जेवत नाही. घरात आला की बूट काढत नाही, दाराजवळच उभा. बस म्हटलं तर म्हणतो, बाहेर बसू, हवा चांगली आहे. हवा कसली चांगली – पाऊस होता!

२९ एप्रिल

आज म्हणतो, "थोडे दिवस गॉवेनकडे जाऊन राहतेस का, धक्क्यावर?"

"कशाला?"

"असंच. बदल."

"आणि राख कोण टाकेल? तू?"

"आजच जा, थॉमा."

"तुझं डोकं फिरलंय. अजून राग आहे ना माझ्यावर? आहे तर सरळ सांग!"

 म्हणाला, मुकादमाने सगळ्यांकडून बायबलवर हात ठेवून वचन घेतलंय, बोलता येत नाही. म्हटलं, मग बोलू नकोस, झोप. भांडी आपटली मी. चिडले होते.

२ मे

शेजारची जिनी विचारत होती, तुमच्या दाराची कडी बसते का, आमची बसत नाही. आमचीही बसत नाही कालपासून. लाकूड फुगलं असेल, म्हटलं. आमची ही घरांची ओळ खाणवाल्यांचीच, जमीनही त्यांचीच, सुतार मागितला तर कधी येतोय कोण जाणे.

३ मे

पाऊस म्हणून लवकर घरी आले. रॅल्फची आज दिवसपाळी. चुलीपुढे बूट काढत होते तर पायाखाली काहीतरी – उंदीर वाटला. फरशीला कान लावला. ठक्, ठक्. थांबून पुन्हा ठक्, ठक्. कोळशावर कुदळ.

मी टाचेने तीनदा आपटलं. जोरात.

खालचं थांबलं.

कितीतरी वेळ थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.