हातेमचा तपास

विदाद पोरी,

शोरबा चुलीवर आहे, हरीसाची तिखट चटणी बेतानं घाल.

तू मासळीबाजारात गेलीस तेव्हा मालिकेच्या आत नेणारा तुझा तो चष्मा मी चढवला आणि तू रोज खुनाच्या तपासाला जातेस तसा त्या मालिकेत शिरलो. चंद्रावरच्या त्या खोलीत आपला हातेम, माझा लेक, खून झालेला माणूस होऊन पडला होता, डोळे उघडे ठेवून. हे काम त्यानं बुडण्याच्या आदल्या वर्षी केलं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी गुडघ्यांवर बसलो आणि त्याचे डोळे मिटवले. समुद्रानं त्याला परत दिलंच नाही, म्हणून ते राहून गेलं होतं.

लगेच आवाज आला, "पुराव्याला हात लावलात. तपास बंद." खोली गेली, तोही गेला.

मी घाबरून शेजारच्या एमनाला बोलावलं. ती म्हणाली, "काका, खुनी तर दोन दिवसांत सापडतो, मग प्रेत उचलून नेतात." आणि तू रमजानपासून सांगतेस, "बाबा, अजून सापडला नाही." तेव्हा कुठे मला समजलं, तू खुनी का सापडू देत नाहीस ते. माफ कर.

एमना तपास पहिल्यापासून लावून देईल. मी इमामांकडे गेलोय, मयत समोर नसताना पढायच्या नमाजाचं विचारायला. तुला तो विषय नको असतो. मी फक्त विचारून येतो. दिवस तू सांगशील तोच.

बाबा