चेंडूतला श्वास

९ जानेवारी १९०९

जिंकलो! बास्केटबॉलमध्ये चौदा–नऊ. शहरातल्या कॉलेजच्या मुली रडल्या. गाईंची धार काढून कमावलेल्या आमच्या हातांशी त्यांची गाठ होती!

सामन्याआधी नेहमीसारखा चेंडू फुगवला — आतल्या रबरी फुग्याची नळी तोंडात धरून सहाजणींनी एकेक श्वास घालायचा, मग चामड्याच्या वाद्या आवळायच्या. पहिला श्वास कर्णधाराचा, म्हणजे माझा. पंप कपाटात धूळ खातोय. सगळ्यांचा श्वास आत असला की चेंडू आपलं ऐकतो, असं हुल्डा म्हणते.

१७ जानेवारी

आई बर्फावरच्या घसरगाडीतून बटाटे घेऊन आली. मला बघून म्हणाली, "सिग्ने, पुस्तकं खाऊन जगतेस का गं?" घागऱ्याचे आकडे पुन्हा आत घेऊन दिले. जूनमध्ये मला पदवी मिळेल. आमच्या घरातली पहिली. त्यासाठी थोडं वाळायला माझी हरकत नाही.

२८ जानेवारी

जिंकलो.

हुल्डा खोकते. आमची सर्वांत उंच मुलगी ती; पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू वर उडवतात, तेव्हा उडी मारून तो तीच मिळवते. आज मध्यांतरात भिंतीला टेकून खोकत राहिली. वसतिगृहाच्या भट्टीत कोळसा टाकून ती फी भागवते. "धूळ आहे," म्हणाली.

४ फेब्रुवारी

मिस प्रुइट आम्हाला खेळ शिकवतात आणि आरोग्यशास्त्रही. आज क्षयाचा धडा होता. तो रक्तातून वारशाने येत नाही. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. पेला, चमचा... मी नळीचा विचार करत होते. हुल्डा मागच्या बाकावर खोकत होती.

५ फेब्रुवारी

पंप वापरू या, असं सुचवलं. सगळ्या हसल्या. "डॉक्टरीणबाई आल्या!" शेवटी तडजोड झाली — हुल्डाने सगळ्यांत शेवटी फुंकायचं. तिने मान डोलावली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

पुन्हा जिंकलो. आता एकच सामना, राज्याच्या अजिंक्यपदाचा.

आनंद का होत नाही? संध्याकाळी अंग मोडून येतं, गाल तापतात. संघातली बर्था विचारते, "कोणाच्या प्रेमात पडलीस?" खुळी! शेगडीजवळ बसून वाचते मी.

२२ फेब्रुवारी

हुल्डाला एकटीला गाठलं. डॉक्टरकडे जा, म्हटलं. डॉक्टरने नुसती शंका काढली तरी आपल्याला घरी पाठवतील, पदवी राहील, असं ती म्हणाली. मग हळूच, "एवढा सामना खेळू दे मला, सिग्ने. मग तू म्हणशील तिथे येते."

पण आपण चार अक्षरं शिकलो ती कशासाठी?

२३ फेब्रुवारी

मिस प्रुइटना सांगितलं. हुल्डा अंतिम सामन्यात नाही.

संघातलं कोणी माझ्याशी बोलत नाही. मी बरोबर केलं. मी बरोबर केलं.

२७ फेब्रुवारी

अजिंक्य! अकरा–दहा.

सामन्याआधी हुल्डा आपल्या साध्या कपड्यांत खाली मैदानात आली. आम्ही गोल करून उभ्या होतो. माझा श्वास घालून झाला होता, बर्थाच्या तोंडात नळी होती. हुल्डा म्हणाली, "खेळत नाही मी. पण श्वास तरी घालू द्या."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी नाही म्हणाले.

ती वर सज्जात जाऊन बसली. शेवटचा चेंडू जाळीतून पडला तेव्हा लोक पाय आपटत होते, सज्जा हादरत होता, आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या. मला दम लागला, तो जाता जाईना.

१ मार्च

मीच आग्रह धरला — एकट्या हुल्डाला का लाजवायचं? डॉक्टरांनी संघातल्या सगळ्यांनाच तपासावं. माझ्या पाठीवर ते बराच वेळ नळी टेकवून ऐकत होते. "संध्याकाळी ताप येतो?" विचारलं. अभ्यासाचा ताण, म्हटलं.

चेंडू काचेच्या कपाटात ठेवलाय. अजून टणक आहे.

६ मार्च

हुल्डाची छाती स्वच्छ आहे. कोळशाचीच धूळ होती.

दोष माझ्या डाव्या फुप्फुसात आहे. डॉक्टर म्हणतात, गेल्या पानगळीपासूनचा असावा.

बर्था कालपासून खोकतेय.

पहिला श्वास नेहमी माझा असायचा.